खाडीचे तोंड कोणाच्या हाती

कल्याणच्या परदेशी व्यापाराविषयीचा सर्वांत जुना तपशीलवार लेखी पुरावा ही खरे तर एक तक्रार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो. लिहिणाऱ्याचे नाव त्यात कुठेही नाही, आणि आज हाती असलेली मुख्य प्रत दहाव्या शतकातली, हायडेलबर्गच्या ग्रंथालयातली आहे. तिच्या बावन्नाव्या कलमात सोपाऱ्यापाठोपाठ कल्याण येते. थोरल्या ‘सारागानोस’च्या काळी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पुढे ते ‘सांदानेस’च्या हाती गेले आणि तेव्हापासून इथल्या व्यापाराला फार अडथळे आले. ग्रीक जहाज चुकूनमाकून इथे लागलेच, तर ते पहाऱ्यात बारुगाझाला, म्हणजे भडोचला नेले जाते. कल्याणच्या वाट्याला एवढाच मजकूर आहे.

सारागानोस म्हणजे कुणी सातकर्णी, यावर बहुतेकांचे एकमत आहे. सांदानेस कोण, यावर मात्र शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. कोणी त्याला सातवाहन घराण्यातला म्हणतात, कोणी क्षत्रपांच्या बाजूचा. आपल्याला त्या वादात पडायचे कारण नाही. मुद्दा असा की, भडोचची भरभराट ज्यांना हवी होती त्यांनी कल्याणची नाकेबंदी केली आणि ती पाळली गेली.

ती पाळता आली याचे कारण नकाशात आहे. कल्याण समुद्रावर नाही. ते उल्हास नदीच्या काठी, बरेच आत आहे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याहून निघालेले पाणी डोंबिवलीच्या मोठागावाला बगल देत ठाण्याकडे येते आणि तिथे त्याला दोन वाटा फुटतात. एक ठाण्याच्या खाडीतून दक्षिणेला मुंबईच्या बंदरात उतरते, दुसरी घोडबंदरावरून वसईला समुद्र गाठते. कल्याणला लागलेले प्रत्येक गलबत यांपैकी एका वाटेने आलेले असणार. म्हणजे बंदर कल्याणला असले तरी त्याची किल्ली ठाण्याला आणि वसईला असते. पुढची सतराशे वर्षे कल्याणच्या व्यापाराबद्दल जी कागदपत्रे मिळतात, त्यांतली बरीचशी ही किल्ली कोणाच्या कमरेला होती याचीच आहेत.

पेरिप्लसमध्ये आणखी दोन नोंदी आहेत. कल्याणचे वैभव सांगणाऱ्या आपल्या लेखांत त्या सहसा येत नाहीत. भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी एकोणपन्नासाव्या कलमात आहे: इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे. शेवटी राजासाठी आणायच्या खास वस्तू दिल्या आहेत. त्यांत चांदीची भांडी, गाणारी मुले आणि जनान्यासाठी देखण्या मुली आहेत. उलट दिशेची नोंद एकतिसाव्या कलमात आहे. हिंदुस्थानातून सोकोत्रा बेटावर तांदूळ, गहू आणि कापड जात असे आणि त्याच जहाजांतून थोड्या दासीही जात. माणसांची ये-जा दोन्ही बाजूंनी होती, आणि दोन्ही बाजूंनी ती मालाच्या यादीत, गव्हा-तांब्याच्या ओळीत मांडलेली आहे.

सगळे काम करणारे असे निनावी राहिले, असेही नाही. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नोंदी कोरलेल्या आहेत आणि त्यांत कल्याणची माणसे वारंवार भेटतात. व्यापारी आहेतच, पण कल्याणचा एक सोनार आहे, आणि नंद नावाचा एक लोहारही आहे. नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख याच्याही पुढे जातो. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने ३,००० कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, २,००० दरमहा एक टक्क्याने आणि १,००० पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि किरकोळ खर्च भागायचा. राजघराण्यातल्या माणसाने विणकरांच्या संघटनेवर पैशाचा विश्वास टाकावा, आणि तो व्यवहार दगडावर कोरावा, ही साधी गोष्ट नाही. त्या काळच्या कारागिराची बाजारातली पत किती होती, ते यावरून दिसते. दासींच्या यादीतही जग हेच आहे, श्रेणीच्या ठेवीतही हेच. दोन्ही कागद एकाच वेळी हातात धरल्याशिवाय पहिल्या शतकातल्या ‘खुल्या’ व्यापाराचे चित्र पुरे होत नाही.

पुढची काही शतके भराभर ओलांडायला हरकत नाही. सहाव्या शतकात कॉस्मास हा अलेक्झांड्रियाचा प्रवासी ‘कल्लियाना’चे नाव घेतो. तिथून तांबे-पितळ, लाकूड आणि कापड निघते आणि तिथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप आहे, असे तो सांगतो. हे आपले कल्याणच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खलिफा उमरच्या काळात, ६३६च्या सुमारास, ओमानकडून ठाण्यावर आरमार आले होते. इतिहासकार बलाधुरी सांगतो की, परवानगी न घेता समुद्रावर माणसे घातली म्हणून खलिफा ते पाठवणाऱ्या सुभेदारावर भडकला आणि ती बुडाली असती तर तेवढीच माणसे तुझ्या टोळीतून वसूल केली असती, अशी तंबी त्याने दिली. अरबांची ठाण्याशी पहिली गाठ ही अशी. नंतर मात्र ते व्यापारी म्हणून आले आणि राहिले.

किती राहिले, याचा दाखला डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात आहे. चिंचणी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघरमध्ये आहे. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा हा पट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. संजाणचा कारभार तेव्हा ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या एका माणसाकडे होता. पटात त्याचे नाव ‘मधुमती सुगतिप’ असे येते. मुहम्मदचे मधुमती झाले, असे ताम्रपट वाचणारे सांगतात. या मधुमतीने नदीवर फुकट नावा सुरू केल्या आणि वाटसरूंसाठी भात, कालवण व तूप मिळणारे अन्नछत्र घातले. हा पटच मुळी भगवतीच्या मठिकेला दिलेल्या जमिनीचा आहे. राजा कानडी मुलखातला, सुभेदार अरब, देवी इथली आणि लेख संस्कृतात. यावर आज कुणी पुस्तक लिहिले तर शीर्षकात ‘सलोखा’ हा शब्द नक्की घालील. मला मात्र ती फुकट नाव आणि ते अन्नछत्र जास्त बोलके वाटते. बंदराची भरभराट कशावर चालते, हे त्या सुभेदाराला कळत होते. माल आणणारा माणूस नदी ओलांडू शकला पाहिजे आणि त्याला जेवायला मिळाले पाहिजे.

शिलाहारांच्या राज्यात ठाणे, त्यांचे ‘स्थानक’, महत्त्वाला चढले. शके ९३९ (इ. स. १०१७) चा अरिकेसरीचा ताम्रपट ठाण्यातच, १७८७ साली पाया खणताना सापडला आणि कोलकात्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापला गेला. पण आपल्या कामाचा पट खारेपाटणचा आहे. काशिनाथ त्रिंबक तेलंगांनी तो १८८०च्या सुमारास प्रसिद्ध केला. शके १०१६ (इ. स. १०९४-९५) मध्ये अनंतदेव राजाने भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांना स्थानक, नागपूर (विदर्भातले नव्हे), शूर्पारक (सोपारा), चेमुली (चौल) आणि कोकणातल्या इतर बंदरांत ये-जा करताना लागणारा कर माफ केला. माफी गाड्यांना होती की जहाजांना, यावर वाचकांमध्ये मतभेद आहेत. भाभण मात्र नुसता व्यापारी नव्हता. पट त्याला महाप्रधान म्हणतो, आणि त्याचा बापही याच पदावर होता. म्हणजे राज्याचा प्रधान आणि बंदरातला बडा व्यापारी एकच, आणि त्याला करमाफी देणारा राजा त्याच्याच सल्ल्याने चालणारा. आर्थिक धोरण ठरवणाऱ्यांच्या आणि त्याचा फायदा घेणाऱ्यांच्या याद्या एकमेकींत मिसळतात, ही तक्रार आपल्याकडे निदान नऊशे वर्षे जुनी आहे.

ठाण्याविषयीचा पुढचा कागद थेट कैरोत मिळाला. तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या अडगळीच्या खोलीत जुने कागद टाकून ठेवण्याची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते ढीग केंब्रिजला गेले आणि पुढे इतिहासकार गोयटाइन यांनी त्यांतून हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे वेगळी काढली. त्यांत साधारण ११४५ मधले एक पत्र आहे. एडनचा जहाजमालक महरूज मंगळूरला असताना त्याने आपला मेहुणा अबू झिक्री याला ते पाठवले. भाषा अरबी, लिपी हिब्रू. अबू झिक्रीला चाच्यांनी पकडून लुटल्याची बातमी महरूजला लागली होती. पत्रात काळजी आहे, देवाचे आभार आहेत आणि एक व्यवहाराचे वाक्य आहे: सोने लागले तर नाखवा तिन्बूकडून माझ्या नावावर घे, तो ठाण्याला असतो आणि त्याचे नि माझे सख्ख्या भावासारखे आहे. मंगळूरच्या एडनवासी यहुद्याच्या शब्दावर ठाण्याचा नाखवा सोने मोजून देणार. परदेशात अडकलेल्या माणसाला सोडवायला ना दूतावास, ना बँक. होती ती फक्त ओळख.

चाचे कुठून आले, याचे उत्तर दीडशे वर्षांनी मार्को पोलो देतो. ठाण्याहून कमावलेले चामडे, कापूस आणि तलम सुती कापड निघते आणि सोने, रुपे, तांबे येते, अशी यादी देऊन तो पुढे सांगतो की, इथले समुद्री लुटारू राजाच्या संमतीनेच बाहेर पडतात. ठराव असा की पकडलेल्या जहाजावरचे सगळे घोडे राजाचे, बाकी सारे त्यांचे. घोडे बाहेरून आणावे लागत आणि महाग पडत. ही जकातच होती, फक्त वसूल करण्याची रीत वेगळी.

परक्या माणसाचे काय होत असे, ते १३२१च्या एप्रिलमध्ये दिसले. चार फ्रान्सिस्कन साधू कोल्लमला निघाले होते. वाऱ्याने त्यांचे जहाज ठाण्याला लागले. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. तिथे पंधरा घरे नेस्तोरियन ख्रिस्त्यांची होती आणि त्यांतल्या एकाने त्यांना आसरा दिला. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात उचलला आणि बायको काझीकडे गेली. साक्षीला कोण, असे विचारताच तिने घरातल्या पाहुण्यांचे नाव घेतले. पाहुण्यांना बोलावण्यात आले, विषय संसारावरून धर्मावर गेला आणि वाद इतका वाढला की चौघेही मारले गेले. ओदोरिक नावाचा साधू पुढे ठाण्यात आला, त्याने त्यांची हाडे गोळा करून चीनपर्यंत नेली आणि ही सगळी हकीकत लिहून ठेवली. ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर आहेत, हेही त्यानेच लिहिले आहे, तेव्हा त्याच्या प्रत्येक शब्दावर मान डोलावायला नको. पण भांडणाचा तपशील इतका घरगुती आहे की तो रचलेला वाटत नाही. शहराने त्यांना वर्षानुवर्षे राहणाऱ्या परक्यांच्या घरात जागा दिली होती. संरक्षण मात्र कागदावरही नव्हते आणि कुणाच्या शब्दावरही नव्हते.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादुरशाहाने तह करून वसई आणि तिच्याबरोबर ठाणे, मुंबई पोर्तुगीजांना दिली. त्या तहाची कलमे वाचताना पेरिप्लसची आठवण होते. तांबड्या समुद्राला जाणारी गुजरातची जहाजे वसईहून निघायची, वसईलाच परत यायची आणि तिथे जकात भरायची. इतर जहाजांनी पोर्तुगीज परवाना, कार्ताझ, घ्यायचा. बहादुरशाहाने लढाऊ जहाजे बांधायची नाहीत. फरक इतकाच की आता खाडीचे मुख धरून बसलेली सत्ता लिस्बनची होती.

आणि मग १६५७ मध्ये खाडीच्या आतल्या टोकाला नवा धनी आला. २४ ऑक्टोबरच्या सुमारास आदिलशाहीच्या ताब्यातले कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी घेतले आणि पाठोपाठ तिथे गलबते बांधायला काढली. यासंबंधीचा आपला मोठा आधार म्हणजे गोव्याचे पोर्तुगीज दप्तर आणि ते आयुष्यभर चाळणारे पांडुरंग पिसुर्लेकर. १६ ऑगस्ट १६५९च्या पत्रात गोव्याचे सत्ताधारी पोर्तुगालच्या राजाला कळवतात की, शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलच्या लगतचा मुलूख घेतला आहे, तो बलाढ्य झाला आहे आणि भिवंडी, कल्याण, पनवेल इथे त्याने काही लढाऊ जहाजे बांधली आहेत. ती बाहेर पडू देऊ नयेत, असा हुकूम आम्ही दिला आहे. पत्र लिहिणाऱ्याला उल्हास नदीचा नकाशा पाठ होता. कल्याणला बांधलेले जहाज ठाण्याच्या किंवा वसईच्या तोफांखालूनच जाणार.

पण खरी गंमत पुढे आहे. ती जहाजे बांधत कोण होते? रुइ लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज, आणि त्याच्याबरोबर वसई भागातली सुमारे ३४० माणसे. वीसेक गलबतांचे काम होते आणि सांगायचा हेतू जंजिऱ्याच्या सिद्दीला आवरण्याचा होता. पोर्तुगालचे प्रजाजन, पोर्तुगीज बंदरात शिकलेला हुन्नर आणि धनी मराठा! कसबी माणूस जिथे काम आणि पैसा असेल तिथे जातो आणि सरहद्दीची फिकीर करत नाही, हे वसईच्या कप्तानाला, आंतोनियु द मेलु द काश्त्रूला, तोवर बहुधा सुचलेच नव्हते. सुचले तेव्हा त्याने तोफा डागल्या नाहीत. त्याने माणूस पाठवला, व्हियेगशशी बोलणे लावले आणि ही सगळी मंडळी काम अर्धे टाकून पोर्तुगीज हद्दीत परत गेली.

माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या कागदांत हाच सर्वांत मोलाचा. सांदानेसने जहाजे अडवली, बहादुरशाहाच्या तहाने परवाने लादले. १६५९ मध्ये प्रथमच असे दिसते की माल किंवा जहाज अडवून भागत नाही, कारागीर अडवावा लागतो. तो जोवर वसईत रंधा चालवत होता तोवर त्याच्याबद्दल राजाला पत्र लिहिण्याचे कुणालाच कारण नव्हते. सोडून गेला आणि दप्तरात आला. तेही एक मुख्य नाव आणि पुढे एक आकडा, एवढ्यापुरताच. त्यांच्या जाण्याने आरमार काही थांबले नाही. कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरच्या इतर दर्यावर्दी जातींच्या माणसांनी ते पुढे चालवले. त्यांचीही नावे आपल्याला सरदारांच्या नावांइतकी ठाऊक नाहीत.

यानंतर किल्लीने बरेच हात बदलले. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांकडे, १७७४च्या अखेरीस इंग्रजांकडे. १६ एप्रिल १८५३ला आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि १ मे १८५४ला खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली, त्या दिवशी खाडीच्या तोंडाला पूर्वीचे महत्त्व उरले नाही. ठाण्याचे रेशमी विणकाम, ज्यात ख्रिस्ती आणि मुसलमान विणकर होते, आधीच उताराला लागले होते. १८८२च्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद सरत्या धंद्याची म्हणून येते. भिवंडीला मात्र १८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर येऊन स्थिरावले. हातमागाचे यंत्रमाग झाले आणि गाव कापडाचे झाले.

आज ठाण्याहून भिवंडीकडे निघालात तर खाडी ओलांडताच काशेली आणि काल्हेर लागते. नदीला दोन वाटा फुटतात त्याच्या आसपासचीच ही जागा. इथून पुढे मैलोन्‌मैल गोदामे आहेत. ती इथे वाढली याचे मोठे कारण जकात. मुंबईच्या आणि नगरपालिकांच्या जकात नाक्यांच्या बाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत माल साठवणे स्वस्त पडत असे. मुंबईची जकात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर गेली. गोदामे राहिली, उलट वाढली. न्हावाशेवाला उतरलेला जगभरचा माल इथे थांबतो, फुटतो आणि घरोघर जातो.

या मालाला हात लावणाऱ्या माणसाचे नाव कागदावर आणण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गंभीर प्रयत्न १९६९ मध्ये झाला. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीच्या कायद्याने मंडळे स्थापली, कामगाराची आणि मालकाची दोघांची नोंदणी ठेवली, मजुरी मंडळामार्फत द्यायची ठरवली आणि वर लेव्ही आकारून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची सोय केली. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली माथाड्यांची चळवळ होती. रोज वेगळ्या मालकाच्या दारात ओझे उचलणाऱ्या माणसाला कायमच्या नोकराचे हक्क देण्याची ही युक्ती होती. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. परराज्यातून माणसे आणणाऱ्या कंत्राटदाराने परवाना घ्यावा, प्रत्येकाला छायाचित्रासह पासबुक द्यावे, विस्थापन भत्ता द्यावा, जाण्यायेण्याचे भाडे द्यावे. कायद्याची भाषा चांगली होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा यंत्रमाग आणि गोदामे बंद पडली आणि माणसे मुंबई–नाशिक महामार्गाने, शहापूर–कसाऱ्यावरून पायी निघाली. त्या वेळी सरकारला कोण कुठून आले हे सांगणारी नोंदवही हवी होती. १९७९चा कायदा नीट पाळला गेला असता तर ती कंत्राटदारांच्या परवान्यांतच सापडली असती. मे महिन्याच्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सोडायची ठरली, तेव्हा अर्ज आणि डॉक्टरी दाखले गोळा करून याद्या नव्याने कराव्या लागल्या. नाव, गाव, आधार क्रमांक, मोबाइल. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न स्वतःहून दाखल करून घेतला आणि २९ जून २०२१च्या निकालात असंघटित कामगारांच्या नोंदणीचे काम रखडल्याबद्दल केंद्राला खडसावले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली.